बॅटरी बसली, गाडी चालू झाली, पण मीटरमधले दिवे जाईनात?

गौरी-गणपती आटोपून कोकणातून परत आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू करायला गेले, तर नुसतं किट-किट-किट. बारा दिवस गाडी जागची हलली नव्हती. वॉचमन धावत आला, "मॅडम, धक्का मारूं क्या?" गाडी ऑटोमॅटिक. धक्का मारून काय होणार? शेवटी समोरच्या विंगमधल्या काकांनी आपली गाडी जवळ आणली, केबल जोडली आणि इंजिन सुरू झालं. हुश्श करून मीटरकडे बघते तर पाच दिवे पेटलेले: चेक इंजिन, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), स्टीअरिंग, घसरणारी गाडी आणि पोटाशी फुगा घेऊन बसलेला एअरबॅगवाला माणूस.

त्याच दिवशी गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या माणसाने बोनेट न उघडताच निदान केलं: "एबीएसचं युनिट गेलंय, २८,००० धरून चला." मी तशीच परत आले. बॅटरी नीट भरून घेतली, रविवारी सकाळी हायवेला एक फेरी मारली. तीन दिवे त्या फेरीत विझले, चौथा तिसऱ्या दिवशी. पाचवा एअरबॅगचा, तो स्कॅनर लावून घालवावा लागला. खर्च ५०० रुपये.

मी मेकॅनिक नाही. पण तेव्हापासून आमच्या सोसायटीत कुणाची बॅटरी बसली की जंपर केबलसाठी माझीच बेल वाजते, आणि केबल परत करताना प्रत्येकजण एकच विचारतो, "हे दिवे कसले?" पहिलीच गाडी घेतलेल्यांसाठी त्याचं उत्तर एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

दिवे पेटतात कशामुळे

आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, स्टीअरिंग, एअरबॅग या प्रत्येकाचा वेगळा छोटा कॉम्प्युटर असतो आणि ते सगळे एकमेकांशी सतत बोलत असतात. त्यांना साधारण १२ व्होल्ट लागतात. बॅटरी अर्धमेली असताना आपण सेल्फ मारतो, तेव्हा स्टार्टर मोटर सगळा करंट ओढून घेते आणि व्होल्टेज क्षणभर ८-९ वर, कधी त्याहूनही खाली येतं. तेवढ्यात एखादा कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा चालू होतो. बाकीचे नोंद करतात की अमुक जण उत्तर देत नाही. व्होल्टेज कमी पडल्याची नोंद वेगळी. या नोंदींना कोड म्हणतात, आणि कोड पडला की दिवा लागतो.

म्हणजे बरेचदा काही बिघडलेलं नसतं, मघाशी वीज कमी पडली एवढीच ती तक्रार असते. पण "बरेचदा" म्हणजे "नेहमी" नाही. कुठला दिवा वाट बघू शकतो आणि कुठला नाही, हे ओळखणं आपलं काम.

अगदी नवख्यांसाठी एक गोष्ट: चावी ऑन केल्यावर, इंजिन चालू करायच्या आधी, बहुतेक सगळे दिवे पेटतात. ती बल्बची तपासणी. इंजिन चालू झाल्यावर काही सेकंदांनी जे उरतात, तेवढेच मोजायचे.

आधी रंग बघा, मग फोटो काढा

इंजिन, ब्रेक किंवा चार्जिंगचा लाल दिवा असेल तर गाडी हलवायची नाही. तेलाच्या किटलीचं चिन्ह म्हणजे ऑइलचा दाब नाही, इंजिन लगेच बंद करा. थर्मामीटरचं चिन्ह लाल झालं तरी तेच. ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडूनही राहिला तर ब्रेक ऑइल बघा. हे तिन्ही बॅटरी बसल्यामुळे पेटले असतील असं समजून स्वतःची समजूत घालू नका.

बॅटरीच्या चौकोनी चिन्हाचा लाल दिवा मात्र नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यांची फसगत होते. बॅटरी बसली होती म्हणून तो पेटलाय, असं वाटतं. पण त्याचा अर्थ बॅटरी रिकामी आहे असा नसून ती *भरली जात नाहीये* असा आहे. इंजिन चालू असताना तो दिवा दिसतोय म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं जनित्र) वीज देत नाही: पट्टा तुटलाय, वायर सुटलीय किंवा केबल उलटी लागल्यामुळे मोठा फ्यूज उडालाय. अशी गाडी फक्त बॅटरीत उरलेल्या विजेवर चालते आणि ती संपली की रस्त्याच्या मधोमध थांबते. असा दिवा घेऊन सी लिंक किंवा अटल सेतू चढू नका. अटल सेतू जवळपास २२ किलोमीटरचा आहे, आणि तिथे गाडी थांबवायला बंदी आहे.

पिवळे दिवे तुम्हाला वेळ देतात, एक अपवाद सोडून: *लुकलुकणारा* चेक इंजिन. इंजिनचा एखादा सिलिंडर नीट पेटत नाही, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातंय आणि तिथला धूर स्वच्छ करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतोय, असा त्याचा अर्थ. बाजूला घ्या, बंद करा.

आणि काहीही करायच्या आधी मोबाइलवर मीटरचा फोटो काढा. दोन दिवसांनी "तेव्हा एबीएस होता की ईएसपी (म्हणजे ती घसरणारी गाडी)?" यावर घरात वाद होतो. गॅरेजमध्येही फोटो दाखवला की समोरच्याचा सूर बदलतो.

गाडी अजून चालूच झाली नसेल तर

जंप स्टार्ट, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली चालू करणं, बहुतेकांना येतं, पण क्रम चुकतो, आणि नंतरचे काही दिवे या चुकीतूनही येऊ शकतात. दोन्ही गाड्या एकमेकांना टेकलेल्या नसाव्यात, हँडब्रेक ओढलेला असावा, एसी, लाइट, म्युझिक सगळं बंद. मग:

१. लाल चिमटा बसलेल्या बॅटरीच्या प्लसला.
२. लाल केबलचं दुसरं टोक मदतीला आलेल्या गाडीच्या प्लसला.
३. काळा चिमटा त्या चांगल्या गाडीच्या मायनसला.
४. काळ्याचं दुसरं टोक आपल्या बॅटरीच्या मायनसला *नाही*, तर इंजिनवरच्या एखाद्या रंग न लावलेल्या नटबोल्टला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो.

चांगली गाडी पाचेक मिनिटं चालू ठेवा, मग आपला सेल्फ मारा. चालू झाली की केबल उलट्या क्रमाने काढा. काढण्याआधी आपल्या गाडीचा ब्लोअर लावून ठेवला, तर व्होल्टेज एकदम उसळी मारत नाही.

आमच्याकडे स्टॅक पार्किंग आहे, म्हणजे पॅलेटवर गाड्या एकावर एक. गाड्या भिंतीकडे तोंड करून उभ्या, बाजूला हातभर जागा. ॲक्सेसरीवाल्याकडची दोन मीटरची केबल तिथे पोचतच नाही. किमान साडेतीन-चार मीटरची, जाड तांब्याची घ्या. ज्यांची गाडी वरच्या पॅलेटवर असते त्यांनी सरळ लिथियमचा छोटा जंप स्टार्टर घ्यावा, पण तो गाडीत नाही, घरात ठेवावा. बॅटरी पूर्ण मेली असेल तर ऑटोमॅटिकचा गिअर 'पी'मधून निघतही नाही. बऱ्याच गाड्यांत गिअरच्या दांड्याशेजारी एक छोटं झाकण असतं, त्याखालचा खटका दाबून तो सोडवता येतो. मॅन्युअल गाडी धक्क्यावर चालू होते खरी, पण बॅटरीत जीवच नसेल तर पेट्रोलचा पंप आणि इंजिनचा कॉम्प्युटर जागे होत नाहीत, आणि वॉचमनची दमछाक फुकट जाते.

एक ताकीद. अल्टरनेटर चांगला आहे का, हे बघायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढणारे जुने हात अजून भेटतात. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ते खपून जायचं. आताच्या गाडीत व्होल्टेज उसळून कॉम्प्युटर जळू शकतो. पाना हातात घेतलेला दिसला तर थांबवा, रागावला तरी चालेल.

दिव्यांआधी बॅटरी

गाडी चालू झाली म्हणजे बॅटरी भरली नाही. लहान पेट्रोल गाडीत साधारण ३५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी असते. ती निम्मी रिकामी झाली असेल तर १७-१८ अँपिअर-तास परत भरायचे आहेत. "अर्धा तास फिरवून आण" हा सल्ला सगळे देतात. सरासरी १० अँपिअर मिळाले असं धरलं तरी अर्ध्या तासात पाचच अँपिअर-तास भरतात. तेही रस्ता मोकळा असेल तर. संध्याकाळी एलबीएस मार्गावर, पावसात, एसी, वायपर आणि हेडलाइट लावून आयडलिंगला (इंजिन चालू, गाडी जागीच) उभ्या असलेल्या गाडीचा अल्टरनेटर जेमतेम स्वतःचा खर्च भागवतो. दोन हॅलोजन हेडलाइटच ९ अँपिअर खातात. अशी तासभराची फेरी मारून लोक म्हणतात, दिवे गेले नाहीत. कसे जातील?

म्हणून बॅटरी चार्जिंगला लावा. कोपऱ्यावरचा बॅटरीवाला आठ-दहा तास लावून देतो, आणि ओळख असेल तर तेवढ्यापुरती दुसरी बॅटरीही बसवतो. शिवाय व्होल्टेज मोजायचा एक मल्टिमीटर विकत घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ३००-४०० रुपयांत कामापुरता मिळतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन चालू करून बघितलं तर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो, तिथे आकडा थोडा हलतो. पण इंजिन चालू असूनही १२.३ वरून घसरतच चाललाय, तर दोष बॅटरीत नाही, चार्जिंगमध्ये आहे. सेल्फ मारताना दुसऱ्याला मल्टिमीटर बघायला सांगा: ९.६च्या खाली गेला तर भरलेली बॅटरीही आतून संपत आली आहे. मुंबईच्या उकाड्यात तीन-चार वर्षं झालेली बॅटरी अशी वागली तर आश्चर्य नाही.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसत असेल तर आधी मायनस काढून, मग प्लस, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा आणि घट्ट बसवून वर व्हॅसलीन लावा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या एकांचे सगळे दिवे एवढ्यानेच गेले. टर्मिनल हाताने फिरत होतं, इतकं ढिलं.

बॅटरी बदलायचीच असेल आणि गाडीला सिग्नलवर आपोआप बंद-चालू होण्याची सोय असेल, तर जुन्या बॅटरीवर ईएफबी किंवा एजीएम (वारंवार बंद-चालू सोसणाऱ्या बॅटऱ्या) लिहिलंय का बघा आणि तीच घ्या. साधी बसवली तर ती लवकर मरते.

आता एकेक दिवा

बॅटरी भरली, टर्मिनल घट्ट झाले. रविवारी सकाळी सहाला निघा. मी मुलुंडहून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने छेडानगरपर्यंत जाते आणि परत येते. पश्चिमेकडच्यांनी दहिसर-वांद्रे करावं. निघण्याआधी पाच-दहा मिनिटं एसी बंद ठेवून आयडलिंग होऊ द्या. बॅटरीची वीज तुटल्यावर इंजिन आपलं आयडलिंग विसरतं, आरपीएम वर-खाली होतो, ते इथे सावरतं. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच आपोआप चालवणारी) गाडी पहिले काही किलोमीटर गिअर बदलताना हिसके देईल, तेही बहुधा ओसरतं.

*स्टीअरिंग आणि घसरणारी गाडी.* ही जोडी बहुधा एकत्र पेटते. स्टीअरिंगचा सेन्सर आपला मध्य विसरलेला असतो. गाडी चालू ठेवून, उभ्या जागी, स्टीअरिंगचं चाक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, मग सरळ. त्यानंतर सरळ रस्त्यावर थोडं अंतर चालवा. बऱ्याच गाड्यांत तेवढ्यात दोन्ही दिवे जातात. मात्र चाक हाताला दगडासारखं जड लागत असेल तर सोसायटीच्या गेटबाहेर जाऊच नका.

*एबीएस.* हा चाकं फिरल्याशिवाय स्वतःला तपासत नाही. २०-३० किलोमीटरचा वेग आला की बहुतेक गाड्यांत विझतो. नाहीच गेला तर चाकाजवळचा सेन्सर बघायला लावा, पावसाळ्यात चिखल आणि गंज तिथेच बसतो. एबीएसचा पिवळा दिवा असताना साधे ब्रेक लागतात, फक्त जोरात दाबल्यावर चाक लॉक होऊ शकतं. पण एबीएससोबत ब्रेकचा *लाल* दिवाही असेल तर गाडी टोइंगनेच हलवा.

*टायरची हवा.* हा दिवा बॅटरीच्या नावावर खपवू नका. गाडी उभी होती तेवढ्या दिवसांत हवा खरोखर कमी झालेली असते. भरा, आणि गाडीत रीसेटचं बटण असेल तर दाबा.

*चेक इंजिन.* याला धीर धरा. दोष पुन्हा दिसला नाही, तर साधारण सलग तीन वेळा थंड इंजिन चालू करून, गरम करून, बंद केल्यावर तो आपोआप विझतो. म्हणजे तीन दिवस ऑफिसला जाऊन या. आपल्या मुंबईत बऱ्याच गाड्या सीएनजीच्या, तेव्हा हेही बघा: दिवा सीएनजीवरच लागतोय की पेट्रोलवरही? दोन दिवस फक्त पेट्रोलवर चालवून विझला, तर थेट सीएनजी किटवाल्याकडे जा, बॅटरीचा संबंध नाही. सीएनजीच्या बचतीपायी टाकीत पेट्रोलचा थेंब न ठेवणाऱ्यांची गाडी तर बॅटरी नवी घातली तरी चालू होत नाही, कारण बऱ्याच गाड्या सुरुवात पेट्रोलवर करतात.

*एअरबॅग.* हा बहुधा स्वतःहून जात नाही. कोड आत लिहिलेला राहतो आणि स्कॅनरनेच पुसावा लागतो. दिवा पेटलेला असताना अपघात झाला तर एअरबॅग उघडेलच असं नाही, म्हणून "बघू पुढच्या सर्व्हिसिंगला" म्हणू नका. सीटखालच्या पिवळ्या वायरींना स्वतः हात लावायचा नाही.

दिव्यांखेरीज घड्याळ मागे पडलेलं असतं, आणि काच एका बोटात पूर्ण वर जायची ती आता जात नाही. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच ओढून धरा, बहुतेक गाड्यांत ती पुन्हा शिकते.

तरीही राहिला तर स्कॅनर

२०१३ नंतर भारतात विकल्या गेलेल्या गाड्यांत ओबीडी-२ची, म्हणजे गाडीतले कोड बाहेरून वाचायची सोय आहे. स्टीअरिंगखाली, गुडघ्याच्या आसपास, १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावून मोबाइलवर कोड वाचता येतो. पी०५६२ दिसला तर अर्थ सरळ आहे: व्होल्टेज कमी पडलं. 'यू'ने सुरू होणारे कोड म्हणजे कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं तुटलं होतं. बॅटरी नुकतीच बसली असेल तर हे दोन प्रकार बहुधा तिचेच. तेवढेच असतील तर पुसा आणि आठवडाभर बघा. स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिन वाचतो. एबीएस आणि एअरबॅगसाठी ऑटो इलेक्ट्रिशियनकडचा मोठा लागतो.

कोड *वाचल्याशिवाय* पुसू देऊ नका. "टर्मिनल काढून दहा मिनिटं ठेवतो, सगळे जातील," असं म्हणणाराही भेटेल. एअरबॅगचा सोडला तर बरेचसे जातील. पण खरा दोष असेल तर त्याचा पुरावाही जाईल, आणि दिवा परत येईल तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आणि बॅटरी भरली, कोड पुसले, तरी तोच दिवा परत पेटतोय? बोनेट उघडून टॉर्च मारा. आपल्या सोसायट्यांत गाडी दहा-बारा दिवस उभी राहिली म्हणजे उंदरांना घर मिळालं. बॅटरीच्या कोपऱ्यात लेंड्या, इन्सुलेशनचा भुगा, कुरतडलेली वायर दिसली तर इतके दिवस आपण चुकीच्या आरोपीच्या मागे होतो. आमच्या पार्किंगमधल्या एका गाडीत इंजिनवर अख्खं बटाटावड्याचं कागदी वेष्टन सापडलं होतं, चटणीसकट.

पुढच्या वेळी गावाला जाताना

बंद गाडीही ३०-५० मिलिअँपिअर खाते: अलार्म, घड्याळ, चावीची वाट बघणारा रिसीव्हर. ५० मिलिअँपिअरने ३५ एएचची बॅटरी निम्मी व्हायला साधारण पंधरा दिवस लागतात, तेही ती पूर्ण भरलेली आणि तरुण असेल तर. पार्किंगमध्ये चालू राहणारा डॅशकॅम ३०० मिलिअँपिअर घेत असेल तर तेच काम अडीच दिवसांत. तेव्हा डॅशकॅमची वायर काढून जा. कुणाला तरी आठवड्यातून एकदा गाडी नुसती चालू-बंद करायला सांगणं म्हणजे बॅटरीतून काढणं जास्त, भरणं कमी. सांगायचंच तर अर्धा-पाऊण तास चालवून आणायला सांगा.

दोन आठवड्यांहून जास्त जाणार असाल तर मायनस टर्मिनल सोडून ठेवा. बहुतेक गाड्यांत दहा नंबरचा पाना लागतो. बोनेट लावा आणि दार रिमोटमधली लोखंडी चावी काढून हाताने लॉक करा. सेंट्रल लॉक चालणार नाही, आणि विजेवर उघडणारी डिकीही उघडणार नाही. म्हणून तो पाना डिकीत ठेवू नका. मी ठेवला होता.